राणीचा घाम कुठे निघतो?

‘भोर घाट’ म्हटलं की सारोळ्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? भोरच्या पुढे महाडकडे उतरणारा वरंधा घाट, पावसाळा आणि गरमागरम भजी! पण हेच शब्द एखाद्या रेल्वेवाल्यासमोर उच्चारा. तो थेट कर्जत-लोणावळ्याला पोचेल. कारण आपण ज्याला बोरघाट म्हणतो, त्याला इंग्रजांनी कागदोपत्री ‘भोर घाट’ करून टाकलं आणि रेल्वेत ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गंमत म्हणजे खुद्द भोर तालुक्यात रेल्वेचा रूळच नाही. सारोळ्याहून मुंबईची गाडी पकडायची तर आधी हायवेने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पुणे गाठा, मग स्टेशन, मग राणी.

राणी म्हणजे अर्थातच दख्खनची राणी, डेक्कन क्वीन. मुंबईत मीटिंग, इंटरव्ह्यू किंवा थेट नोकरीच असलेल्या पुणेकरांचा जीव की प्राण. आता जरा एक हिशेब बघा. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली, तेव्हा मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटर अंतर ती पावणेतीन तासांत कापायची. आज तिला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. नव्वदहून जास्त वर्षं झाली, इंजिनाची ताकद जवळपास तिप्पट झाली आणि गाडी मात्र अर्ध्या तासाने हळू झाली! रोज अपडाऊन करणाऱ्याच्या आयुष्यात हा अर्धा तास म्हणजे सकाळची झोप, नाहीतर रात्रीचं घरचं गरम जेवण. मग हा अर्धा तास जातो कुठे?

हिरॉइन नंबर वन

आधी जुन्या इंजिनाची ओळख करून घेऊ. त्या काळच्या जीआयपी रेल्वेला वाफेच्या इंजिनांऐवजी विजेवर पळणारी वेगवान पॅसेंजर इंजिनं हवी होती. त्यासाठी तीन वेगवेगळ्या बनावटीची इंजिनं मागवून चक्क ऑडिशन घेण्यात आली. त्यात पास झालं ते स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्याचं डिझाइन आणि ब्रिटनच्या मेट्रोपॉलिटन-विकर्सची विद्युत यंत्रणा असलेलं ‘ईए-१’. पुढे ते ‘डब्ल्यूसीपी-१’ म्हणून ओळखलं गेलं. ताकद २,१६० हॉर्सपॉवर. डिझाइन ताशी ८५ मैलांचं, म्हणजे साधारण १३७ किलोमीटर. १९३० च्या आसपास ही म्हणजे सॉलिडच गोष्ट होती! यातलं ‘सर रॉजर लम्ली’ नावाचं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आजही उभं आहे.

त्याच काळात मालगाड्यांसाठी आलेलं इंजिन दिसायला अजब होतं. पुढे-मागे लांब नाकं आणि मध्ये केबिन. जगभर त्याला ‘क्रोकोडाइल’ म्हणत. आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांनी त्याचं बारसं केलं ‘खेकडा’! एक खेकडा वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये बघायला मिळतो.

या सगळ्यांना वीज लागायची १,५०० व्होल्ट डीसी. त्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं वीजकेंद्रच उभारलं होतं.

सदतिसाला एक

आता मूळ मुद्दा. कर्जत ते लोणावळा हे अंतर जेमतेम २८ किलोमीटर. पण तेवढ्यात गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. घाटात चढ आहे ‘सदतिसाला एक’, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बाइकवर हा चढ तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही. रेल्वेच्या भाषेत मात्र ती भिंत आहे.

कारण सोपं आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं. सपाटीवर हीच रेल्वेची मजा, घर्षण कमी म्हणून थोड्या ताकदीत शेकडो टन ओढता येतात. चढावर तोच गुण अंगाशी येतो. सोळा डब्यांची गाडी प्रवाशांसह साधारण ८०० टन धरा, वर इंजिनाचे १२३ टन. या चढावर गाडीला नुसतं मागे घसरू न देण्यासाठीच जवळपास २५ टनांचा जोर सतत लावावा लागतो. त्यात पाऊस, ओले रूळ, वर पडलेला पालापाचोळा. मोटरमध्ये कितीही दम असला तरी चाक जागच्या जागी गरगरलं की संपलं. म्हणून इंजिनात चक्क वाळूचे डबे असतात. चाकापुढे रुळावर वाळू सोडायची आणि पकड मिळवायची. कोट्यवधींचं मशीन आणि उपाय काय, तर मूठभर वाळू!

आणि म्हणूनच कर्जतला गाडी थांबते. तुम्ही वडापाव घेत असता तेव्हा मागे ‘बँकर’ जोडले जातात, म्हणजे गाडीला पाठीमागून ढकलणारी जादा इंजिनं. ती लोणावळ्यापर्यंत साथ देतात. यात सेफ्टीचाही हिशेब आहे. सगळी ओढ पुढच्याच इंजिनाने घेतली तर डब्यांमधल्या कपलिंगवर प्रचंड ताण येतो. समजा ते तुटलंच, तर मागचे डबे उतारावर सुटू नयेत म्हणून मागे कोणीतरी भक्कम उभं हवं.

उतरताना जास्त टेन्शन

चढताना इंजिन दमतं, पण खरी परीक्षा उतरताना. नुसते ब्रेक दाबून घाट उतरला तर ते तापतात आणि तापलेला ब्रेक दगा देऊ शकतो. यावरचा उपाय खेकड्याकडे १९२८ पासूनच होता. उतारावर मोटरच जनरेटर होते, गाडीचा वेग खाऊन वीज तयार करते आणि ती वरच्या तारेत परत पाठवते. म्हणजे एक गाडी उतरतेय आणि तिच्या विजेचा हातभार वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला! आज इलेक्ट्रिक कारच्या जाहिरातीत ‘रीजनरेटिव्ह ब्रेकिंग’ वाचून आपण भारावतो. आपल्या घाटात ते जवळपास शंभर वर्षांचं आहे. आजची ‘डब्ल्यूएपी-७’ इंजिनंही असेच ब्रेक लावतात.

मग अर्धा तास गेला कुठे?

‘डब्ल्यूएपी-७’ ची ताकद सहा हजार हॉर्सपॉवरच्या वर आहे. वीजही बदलली. जून २०१५ मध्ये सीएसएमटीपर्यंतची मेन लाइन २५,००० व्होल्ट एसीवर आली. फरक समजायला नळ आठवा. साडेचार मेगावॅट ताकद १,५०० व्होल्टवर ओढायची तर ३,००० अँपिअर करंट लागतो, २५,००० व्होल्टवर फक्त १८०. प्रेशर जास्त असेल तर बारीक पाइपही पुरतो, तसंच.

पण गाडी एकट्या इंजिनाच्या जिवावर पळत नाही. १९३० ची राणी सात डब्यांची होती, सुरुवातीला तर फक्त वीकेंडला धावायची आणि डब्यात मोजके श्रीमंत लोक. आज ती दुपटीहून लांब आहे आणि तुमच्या-आमच्यासारख्यांनी खचाखच भरलेली. वाटेत लोकल गाड्यांची गर्दी, कर्जतला बँकरचा थांबा, घाटातली वळणं आणि त्यावरची वेगमर्यादा. हरवलेला अर्धा तास असा थोडा थोडा सगळीकडे सांडलाय. आणि खरं सांगायचं तर त्याच्या बदल्यात हजारभर जास्त माणसं रोज कामावर पोचतात. सौदा अगदीच वाईट नाही!

तरी तो परत मिळवायची खटपट चालू आहे. २०१९ मध्ये मुंबई-पुणे मार्गावर ‘पुश-पुल’चा प्रयोग झाला, एक इंजिन पुढे, एक मागे, म्हणजे कर्जतला जोडाजोडी नको. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत तर बँकरशिवाय घाट चढते. तिला वेगळं इंजिनच नाही, मोटरी गाडीभर वाटलेल्या. ताकद लावणारी चाकं जास्त, म्हणून पकडही जास्त. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर एकट्या स्टार परफॉर्मरवर प्रोजेक्ट सोडायचं नाही, कामाची टीमभर वाटणी करायची.

नाव वाचायला शिका

‘डब्ल्यूएपी-७’ मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज. ‘ए’ म्हणजे एसी, ‘सी’ असेल तर डीसी, आणि ‘सीए’ म्हणजे दोन्हींवर चालणारं. ‘पी’ पॅसेंजर, ‘जी’ मालगाडी, ‘एम’ दोन्ही. शेवटचा आकडा मॉडेलचा. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं पहिलं विजेचं इंजिन ‘डब्ल्यूसीएम-५’ जातीचं होतं. १९६१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ते रुजू झालं आणि त्याचं नाव होतं ‘लोकमान्य’!

तेव्हा पुढच्या वेळी कर्जतला गाडी थांबली आणि शेजारचा ‘काय यार, कशाला थांबवतात’ म्हणून करवादला, तर त्याला वडापाव द्या आणि सदतिसाला एकचा हिशेब सांगा. तोवर मागून हलकासा धक्का बसेलच.