मान कोणाचा? अष्टूरचे घुमट आणि घराण्यांच्या आठवणी

बीदर शहराच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर अष्टूर नावाचे गाव आहे. तिथे शेतांच्या मध्ये बहमनी सुलतानांचे घुमट एका रांगेत उभे आहेत. त्यातला सर्वांत जिवंत घुमट अहमदशहा वलीचा. 1422 ते 1436 या काळात त्याने राज्य केले आणि राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आणली. दुष्काळात त्याने प्रार्थना केली आणि पाऊस पडला, म्हणून लोक त्याला 'वली' म्हणू लागले, अशी कथा आहे. इथले लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात.

या घुमटाच्या आतल्या भिंती सोनेरी, शेंदरी आणि निळ्या रंगांनी भरलेल्या आहेत. वरच्या अक्षरपट्ट्यांत शजरा लिहिला आहे. शजरा म्हणजे गुरू-शिष्यांची वंशावळ. इराणातील किरमानच्या शाह निअमतुल्ला वलींवर सुलतानाची श्रद्धा होती. त्यांचे पुत्र खलीलुल्ला पुढे बीदरला आले आणि त्यांची चौखंडी, म्हणजे समाधीची इमारत, याच अष्टूरच्या वाटेवर आहे. राजाच्या कबरीवर गुरूंची परंपरा लिहिलेली आहे, ही गोष्ट थांबून पाहण्याजोगी आहे. या मुलखात 'आपण कोणाचे' या प्रश्नाला रक्ताच्या नात्याइतकेच श्रद्धेच्या नात्यानेही उत्तर दिले जाते.

दरवर्षी होळीनंतर इथे उरूस भरतो. दर्ग्यांचे उरूस एरवी हिजरी महिन्यांप्रमाणे होतात, त्यामुळे ते ऋतूंमधून फिरत राहतात. कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस जिल्कादमध्ये असतो, म्हणून तो कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात. अष्टूरचा उरूस मात्र हिंदू तिथीला बांधलेला आहे आणि सुगीनंतरच्या मोकळ्या दिवसांतच येतो. त्यासाठी कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातील माडियाळ गावचे जंगम आपल्या मंडळींसह बीदरला येतात. शंख वाजतो, नारळ फुटतात, कबरीवर फुले वाहिली जातात. हा त्यांच्या घराण्याचा मान आहे.

'मान' हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे, कारण सीमाभागातल्या घराण्यांचा इतिहास पुष्कळसा त्यात साठला आहे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, कोणाच्या घरून निघायचा, जत्रेत पहिला नारळ कोणी फोडायचा, हे ठरलेले असते. मान बापाकडून मुलाकडे जातो. भावांत वाटणी झाली की मानाच्याही पाळ्या पडतात आणि त्या पाळ्यांच्या हिशेबात कोणाची शाखा कुठून फुटली हे आपोआप राहून जाते. मानावरून तंटा झाला तर दोन्ही बाजूंना आजोबा-पणजोबांची नावे सांगावी लागतात आणि गावचे म्हातारे साक्षीला बसतात.

पिढ्यांची आठवण राखण्याचे हे काम इंग्लंडमध्ये निराळ्या रीतीने झाले. 1538 साली राजमंत्री टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद वहीत ठेवावी. 1837 मध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू होईपर्यंत त्या देशातल्या सामान्य माणसाचा मुख्य कागद तोच होता. या वह्यांचा मोठा गुण असा की त्यांत जमीनदारही आहे आणि शेतमजूरही. आज तिथला एखादा माणूस आपली दहा-बारा पिढ्यांची नावे शोधायला निघाला की त्याची वाट बहुधा गावच्या जुन्या चर्चपाशी जाते; वहीत नाव सापडते आणि आवारातल्या दगडावर कधीकधी तेच नाव पुन्हा भेटते.

बीदर-कलबुर्गीत अशी एकच वही नाही. कागद आहेत, पण ते विखुरलेले. तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा त्यांतला चर्चच्या वहीला सर्वांत जवळचा नमुना. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलेल्या यजमानाने गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय वही काढतात आणि पूर्वी कोण आले होते, कोणासोबत आले होते, ते वाचून दाखवतात. बापाच्या अस्थी घेऊन गेलेल्या मुलाला तिथे आजोबांची सही दिसते. त्या सहीवरून बोट फिरवताना माणूस गप्प होतो. उत्तर कर्नाटकात आणि लगतच्या महाराष्ट्रात हेळवी लोक घरोघरी जाऊन वंशावळ सांगतात. त्यांची पोथी चालतीबोलती असते. ख्रिस्ती घरांचा कागद चर्चमध्ये मिळतो. अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे काम बीदर भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले.

मानाच्या आणि वह्यांच्या या इतिहासात एक मोठी उणीव आहे. मान हक्कदारांचाच असतो. ज्यांना हक्क नव्हता त्यांची नावे कोणी राखली नाहीत. बायका बहुतेक वेळा कोणाची तरी पत्नी किंवा आई म्हणून येतात, आणि लेकीच्या सासरची शाखा वहीतून गळून जाते. माहेरची वंशावळ शोधायची तर लग्नातली गाणी आणि आजीच्या तोंडची गावांची नावे, एवढाच आधार उरतो.

कागद विखुरण्याचे आणखी एक कारण राज्यकर्त्यांच्या बदलात आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चाले, तर देशमुख-देशपांड्यांची जुनी दप्तरे मोडीत असत. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा तुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. एका घराची सनद एका राज्यात, शेत दुसऱ्यात आणि सोयरीक तिसऱ्यात, अशी स्थिती झाली. भालकी-औराद भागात मराठी बोलणाऱ्या घरातल्या नातवाला शाळेत कन्नड शिकावे लागते आणि पणजोबांच्या मोडी कागदापुढे तो हतबल होतो.

म्हणून या भागात घराण्याचा शोध घेणाऱ्याने कागदाच्या आधी जत्रेला जावे हे बरे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या (1817–1865) समाधीपाशी मराठी, कन्नड आणि हिंदी पदे गायली जातात. गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर महाराष्ट्रातली घराणी पिढ्यान्‌पिढ्या येतात. अशा ठिकाणी पुजाऱ्याला, मुजावराला, पालखीच्या भोईला नाव सांगितले की पुढचा प्रश्न येतो, 'कोणत्या वाड्याचे?' उत्तर दिले की शेजारी बसलेला एखादा म्हातारा आजोबांचे नाव घेतो आणि त्यांचा मान कोणता होता ते सांगू लागतो. ते त्याच वेळी लिहून घ्यावे, तारखेसह आणि सांगणाऱ्याच्या नावासह.