परदेशातील दीर्घ वास्तव्य व व्हिसाचे नियम : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

नांदेड व लातूर ही मराठवाड्यातील शिक्षणाची दोन महत्त्वाची केंद्रे आहेत. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक राज्यभर पसरलेला असून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरच्या तालुक्यांतील विद्यार्थी या दोन शहरांत येऊन राहतात. तथापि, २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, तर एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख १० हजार होत्या. या विषम प्रमाणामुळे प्रवेश न मिळालेल्यांपैकी काही विद्यार्थी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान यांसारख्या देशांची वाट धरतात. अभियांत्रिकी व विज्ञान शाखेचे पदवीधर अमेरिका, ब्रिटन व जर्मनीकडे वळतात. कमी शिकलेल्या तरुणांपुढे आखाती देशांतील रोजगाराचा पर्याय असतो.

या सर्वांच्या बाबतीत एक समज सर्रास आढळतो, तो म्हणजे ‘व्हिसा मिळाला की काम झाले’. वस्तुतः व्हिसा मिळणे ही सुरुवात असते. परदेशातील दीर्घ वास्तव्य हे एका परवान्यावर उभे नसून परवान्यांच्या साखळीवर उभे असते आणि त्यातील एखादी कडी निखळली तर शिक्षण, नोकरी व कुटुंबाने घातलेला पैसा हे सारेच धोक्यात येते. अशा विद्यार्थ्याचा पहिला सल्लागार बहुधा त्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकच असतो. म्हणून या नियमांमागील तत्त्वे प्राध्यापकवर्गासमोर मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पासपोर्ट, व्हिसा आणि वास्तव्य परवाना

या तीन संज्ञा व्यवहारात एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. त्यांचे अर्थ मात्र स्वतंत्र आहेत. पासपोर्ट हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्यान्वये भारत सरकार देते. तो धारकाची ओळख व राष्ट्रीयत्व सांगतो. व्हिसा परका देश देतो आणि त्याच्या आधारे धारकाला त्या देशाच्या दारापर्यंत जाता येते. आत किती काळ व कोणत्या कामासाठी राहता येईल हे वास्तव्य परवान्याने ठरते.

अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. तेथे पासपोर्टवरील व्हिसाची मुदत आणि प्रवेशाच्या वेळी ‘आय-९४’ नोंदीत दिलेली मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसाची तारीख उलटूनही एखादी व्यक्ती तेथे कायदेशीरपणे राहत असू शकते. उलट व्हिसा शिल्लक असतानाही आय-९४ ची मुदत संपल्यास तिचे वास्तव्य बेकायदा ठरू शकते. १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक, परंतु एक वर्षाहून कमी बेकायदा वास्तव्य करून बाहेर पडलेल्यास ३ वर्षे आणि एक वर्ष वा त्याहून अधिक काळ तसे राहिलेल्यास १० वर्षे पुनःप्रवेश नाकारला जातो.

जर्मनीत रचना निराळी असली तरी तत्त्व हेच आहे. दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला तेथे राहण्यास गेल्यावर साधारणतः दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते. त्यानंतर व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयातून वास्तव्य परवाना मिळवावा लागतो. ‘मुदत संपण्यापूर्वी’ हे शब्द येथे कळीचे आहेत. वेळेत अर्ज केल्यास निर्णय होईपर्यंत पूर्वीचा हक्क सामान्यतः टिकून राहतो. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाला ते संरक्षण मिळत नाही.

कोणताही परवाना वाचताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत : तो कोणत्या प्रयोजनासाठी आहे, तो कोणाच्या आधारावर दिला आहे आणि तो कोणत्या तारखेपर्यंत आहे. प्रयोजन बदलले, म्हणजे शिक्षण सोडून नोकरी धरली, किंवा आधार बदलला, म्हणजे विद्यापीठ अथवा मालक बदलला, तर तारीख शिल्लक असूनही परवाना निरुपयोगी ठरू शकतो.

काळ आणि इरादा : मुलकी नियमांची आठवण

वास्तव्याच्या काळावरून हक्क ठरविण्याची पद्धत मराठवाड्याला अपरिचित नाही. नांदेड आणि त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर हा सारा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानी नोकरीसाठी उमेदवार ‘मुलकी’ असावा लागे. १९१९ च्या नियमांनुसार बाहेरून आलेल्या व्यक्तीला मुलकी ठरण्यासाठी संस्थानात किमान १५ वर्षांचे कायम वास्तव्य दाखवावे लागे आणि मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. पुढे तेलंगणातील आंदोलनांत हे नियम वादाचा विषय झाले आणि १९७३ मध्ये संसदेने कायदा करून ते रद्द केले.

या जुन्या नियमातील काळ व इरादा हे दोन घटक आजच्या स्थलांतर कायद्यांतही दिसतात. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्जदाराला शिक्षणानंतर मायदेशी परतण्याचा इरादा दाखवावा लागतो. मुलाखतीत ‘मला तेथेच स्थायिक व्हायचे आहे’ असे सांगणारा विद्यार्थी स्वतःच्याच अर्जाला बाध आणतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर मात्र कायम वास्तव्याचा इरादा बाळगण्यास कायद्याची हरकत नाही. काळाची मोजणीही सर्वत्र सारखी नाही. ब्रिटनमध्ये विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षे नोकरीच्या मार्गाने स्थायी वास्तव्यासाठी लागणाऱ्या कालावधीत धरली जात नाहीत. म्हणून ‘तेथे इतकी वर्षे राहिलो’ हे विधान पुरेसे नसते. ती वर्षे कोणत्या परवान्यावर काढली हे पाहावे लागते.

वैद्यकीय विद्यार्थी : महिन्यांचा हिशेब

परदेशात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्याला दोन देशांचे नियम एकाच वेळी सांभाळावे लागतात. यजमान देश त्याचे वास्तव्य ठरवतो, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग त्याच्या पदवीचे भारतातील मूल्य ठरवतो. २०१८ पासून परदेशी एमबीबीएससाठीही ‘नीट’ उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या विनियमांनुसार त्यानंतर प्रवेश घेणाऱ्याचा अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो. त्याच परदेशी संस्थेत आणखी १२ महिन्यांचे आंतरवासित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्या देशात तेथील नागरिकाच्या बरोबरीने वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळण्यास तो पात्र असला पाहिजे आणि प्रवेशापासून १० वर्षांच्या आत हे सर्व पूर्ण झाले पाहिजे. त्याखेरीज भारतात परीक्षा व १२ महिन्यांचे प्रशिक्षण असतेच.

यातून निघणारा हिशेब पालकांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. ५४ अधिक १२ म्हणजे ६६ महिने, अर्थात साडेपाच वर्षे, विद्यार्थ्याचे परदेशातील वास्तव्य अखंड कायदेशीर राहिले पाहिजे. अनेक देशांत विद्यार्थी व्हिसा किंवा परवाना संपूर्ण अभ्यासक्रमासाठी एकदम न देता टप्प्याटप्प्याने वाढविला जातो. त्यामुळे पाच-सहा वेळा नूतनीकरण करण्याची वेळ येऊ शकते. शुल्क थकले, नाव कमी झाले वा हजेरी अपुरी पडली तर विद्यापीठाचा आधार जातो आणि त्याबरोबर वास्तव्याचा हक्कही जातो.

या हिशेबात पासपोर्टही येतो. १५ ते १८ वर्षे वयाच्या अर्जदाराला १० वर्षे मुदतीचा किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतचा पासपोर्ट निवडता येतो. बारावीत असताना दुसरा पर्याय निवडणाऱ्याला अल्पावधीतच पुन्हा अर्ज करावा लागतो. पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी अशी अट अनेक देश घालतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

नियमांची ही गुंतागुंत युक्रेनच्या प्रसंगात ठळकपणे समोर आली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू झाल्यानंतर ‘ऑपरेशन गंगा’ अंतर्गत सुमारे २२,५०० भारतीयांना परत आणण्यात आले आणि त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. त्यांचे प्राण वाचले. परंतु अभ्यासक्रम अर्धवट राहिला. संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत व्हावे या अटीमुळे दुसऱ्या देशात जाऊन पुढे शिकण्याचा मार्ग बंद दिसत होता. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच पदवी मिळेल या अटीवर अन्य देशांत तात्पुरते शिक्षण घेण्याच्या योजनेस मान्यता दिली. विद्यापीठ निवडताना शुल्काइतकाच विचार त्या देशाच्या स्थैर्याचा व नियमांचा का करावा, हे यावरून स्पष्ट होते.

रोजगारासाठी जाणारे

नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबाद परिसरातून आखातात जाणाऱ्यांचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले आहे. देगलूर-बिलोलीच्या सीमाभागातील तरुणांना ही वाट सहज दिसते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला सौदी अरेबिया, कुवेत, कतार, संयुक्त अरब अमिराती आदी १८ अधिसूचित देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास अनुमती घ्यावी लागते. या अनुमतीमुळे करार व मालक यांची नोंद ‘ई-मायग्रेट’ प्रणालीत होते. ‘प्रवासी भारतीय विमा योजने’चे १० लाख रुपयांपर्यंतचे अपघात संरक्षणही त्याला मिळते. नोंदणीकृत एजंटाला घेता येणारे सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढे मर्यादित आहे. पर्यटक व्हिसावर पाठवून ‘तिकडे गेल्यावर बदलून देतो’ असे सांगणारा एजंट या सर्व संरक्षणांतून माणसाला बाहेर काढत असतो. दहावीचे प्रमाणपत्र हातात असणे येथे किती महत्त्वाचे ठरते, हे आपल्या परिसरातील शाळा-महाविद्यालयांनी आवर्जून सांगण्यासारखे आहे.

उच्चशिक्षितांची अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. एच-१बी व्हिसा एका वेळी ३ वर्षे आणि सर्वसाधारणपणे एकूण ६ वर्षांपर्यंत मिळतो. नोकरीवर आधारित कायम वास्तव्यात कोणत्याही एका देशाचा वाटा १९९० च्या कायद्याने ७ टक्क्यांवर मर्यादित केला असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. या प्रतीक्षेत पालकांवर अवलंबून असलेले मूल २१ वर्षांचे झाले की ते ‘अवलंबित’ या व्याख्येबाहेर जाऊ शकते आणि लहानपणापासून तेथे वाढूनही त्याला स्वतंत्र परवाना शोधावा लागतो.

नागरिकत्वाचा प्रश्न व शेतजमीन

दीर्घ वास्तव्याच्या शेवटी परक्या देशाचे नागरिकत्व घेण्याचा प्रश्न उभा राहतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते व पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ‘ओसीआय’ कार्ड मिळवता येते. त्याने भारतात येण्या-राहण्याची मोकळीक मिळते. परंतु मतदानाचा हक्क मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन मात्र ठेवता येते. ज्या परिसरात बहुतेक कुटुंबांची मुळे सातबाऱ्यात आहेत, तेथे भावंडांतील वाटणी व खरेदीखते यांचा विचार नागरिकत्वाचा अर्ज करण्यापूर्वीच होणे इष्ट आहे.

महाविद्यालयाची जबाबदारी

साखळीची पहिली कडी आपल्याच कार्यालयात घडते. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग नाव व वडिलांचे नाव अशी मांडणी असते. पासपोर्टमध्ये नाव व आडनाव यांचे रकाने स्वतंत्र असतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र व पासपोर्ट यांवरील रोमन स्पेलिंग जुळत नसेल तर ती तफावत दूतावासाच्या खिडकीवर उघडी पडते आणि दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. प्रवेश देतानाच ही पडताळणी करणे सोपे आहे.

प्रमाणपत्रांच्या परदेशातील ग्राह्यतेबाबतही विद्यार्थ्यांना माहिती हवी. भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात सहभागी असल्याने बहुतेक सदस्य देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. संयुक्त अरब अमिरातीसारख्या सदस्य नसलेल्या देशांसाठी दूतावासाचे साक्षांकन वेगळे लागते. जर्मनीला जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्र मिळवावे लागते. गुणपत्रके, अभ्यासक्रमाची प्रत व शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला देण्यात कार्यालयाने लावलेला एक महिना विद्यार्थ्याचे एक सत्र बुडवू शकतो.

समारोप

स्थलांतराचे नियम वरचेवर बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. त्याच महिन्यापासून भारतातही परदेशी नागरिकांविषयीच्या चार जुन्या कायद्यांची जागा एका नव्या कायद्याने घेतली. म्हणून प्राध्यापकाने सर्व देशांचे नियम पाठ करावेत अशी अपेक्षा नाही. विद्यार्थ्याला संबंधित दूतावासाच्या व आयोगाच्या अधिकृत माहितीकडे वळवणे, प्रयोजन, आधार व तारीख हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावणे आणि आपल्या कार्यालयातून जाणारा प्रत्येक कागद बिनचूक व वेळेवर देणे, एवढे निश्चितच आपल्या हाती आहे. प्रत्येक महाविद्यालयाने यासाठी एका प्राध्यापकाकडे जबाबदारी सोपवून प्रवेशाच्या वेळीच नाव व जन्मतारीख यांची पडताळणी सुरू केल्यास, शेत विकून वा कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या कुटुंबाचा मोठा धोका टळू शकेल.