‘सेटल’ झालं म्हणजे मिटलं?

पगार झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेसेज येतोच. ‘टोटल ड्यू’ इतके, ‘मिनिमम ड्यू’ इतके. आपण दुसरा आकडा बघून खूश! बॉसची मेल चार वेळा वाचणारे आपण, पैशांच्या बाबतीत मात्र इंग्रजी शब्दांवर डोळे मिटून सही करतो. आणि गंमत अशी, की हेच शब्द आता थेट गावापर्यंत पोचलेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब घ्या. कापसाचा मुलूख. इथल्या हिशेबाची भाषा रोखठोक. कापूस विकून हाती येतो तो चुकारा. शेजाऱ्याकडून बिनव्याजी घेतलं ते हातउसनं. सावकाराचं धान्य सवाईने घेतलं तर सव्वापट परत, दिढीने घेतलं तर दीडपट. शब्दातच व्याजाचा दर! लपवाछपवी नाही. गावाच्या नावात ‘अरब’ आहे, तसे कर्ज, बाकी, वसूल, रक्कम, हिशेब हे शब्दही मूळचे अरबीच. फारसीवाटे आले आणि आपलेच झाले.

मग आले इंग्रजी पाहुणे. लोन, एनपीए, नो ड्यूज, ओटीएस. ओटीएस म्हणजे ‘वन टाइम सेटलमेंट’. २०१७ च्या राज्याच्या कर्जमाफीत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ होती. त्यावर असेल, तर वरची रक्कम शेतकऱ्याने आधी भरायची, मग सरकार दीड लाख देणार. माफी ऐकून बँकेत गेलेल्याला आधी खिशात हात घालावा लागतो, हे त्या तीन अक्षरांत कुठे दिसतं?

शहरातही तीच गत. म्हणून हे चार शब्द नीट ओळखून ठेवा.

मिनिमम ड्यू : हे बिल नव्हे, फक्त लेट फी टाळण्याची किंमत. समजा बिल ४०,००० आणि मिनिमम २,०००. तेवढेच भरले, तर उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी सुमारे १,३३० रुपये व्याज. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेली. सावकाराची दिढी निदान बोलून तरी दाखवायची!

सेटल्ड : सर्वांत फसवा शब्द. ‘मुलगा सेटल झाला’ म्हटलं की घरी पेढे. पण क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ म्हणजे यानं ठरल्यापेक्षा कमी पैसे देऊन प्रकरण मिटवलं. पुढे होम लोन मागायला गेलात की हा शब्द आडवा येतो. आपल्याला हवा असतो तो ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फेड.

राइट-ऑफ : बँकेनं कर्ज आपल्या ताळेबंदातून काढलं, एवढंच. तुमची सुटका झालेली नाही, वसुली चालूच राहते. सुटका होते ती ‘वेव्हर’मध्ये, म्हणजे माफीत.

नो ड्यूज : शेवटचा हप्ता गेला की पार्टी करा, पण हा कागद घेतल्यावर. गृहकर्ज असेल तर घराची मूळ कागदपत्रंही. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत ती परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

‘पे’ या शब्दाचं मूळ माहितेय? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता शांत करणं. देणेकऱ्यानं पैसे दिले की घेणेकरी शांत! पण देणेकऱ्याच्या शांत झोपेसाठी शब्द आपल्याकडे आहे. गावच्या सोसायटीत कर्ज फिटलं की ‘बेबाकी दाखला’ मिळतो. बे-बाकी, म्हणजे काहीच बाकी नाही. अर्धं नाही, तडजोड नाही, शून्य.

तेव्हा रिकव्हरीवाल्याचा गोड आवाजात फोन आला, ‘सर, सेटल करून टाका ना,’ तर हुरळून जाऊ नका. एकच विचारा : बेबाकी मिळणार का? आणि उत्तर लेखी मागा.