लॉगिन लूप

लॉगिन लूप हा लिनक्स कर्नेलवर चालणाऱ्या संगणकांवर, विशेषतः उबुंटूसारख्या वितरणाची नवी आवृत्ती बसवल्यानंतर, आढळणारा बिघाड आहे. यात वापरकर्त्याने अचूक पासवर्ड दिल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि डेस्कटॉप उघडण्याऐवजी लॉगिनचा पडदाच पुन्हा समोर येतो. पासवर्ड चुकला असता तसा संदेश दिसतो. लॉगिन लूपमध्ये बहुधा कोणताही संदेश दिसत नाही. पासवर्डशी या बिघाडाचा सहसा संबंध नसतो, त्यामुळे पासवर्ड बदलून उपयोग होत नाही.

कार्यपद्धती

लॉगिनचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पासवर्डची पडताळणी होते. दुसऱ्या टप्प्यात डिस्प्ले मॅनेजर हा प्रोग्राम त्या वापरकर्त्याच्या अधिकारांनिशी डेस्कटॉपचे सत्र सुरू करतो. उबुंटूने ११.१० या आवृत्तीत (ऑक्टोबर २०११) जीडीएमऐवजी लाइटडीएम हा डिस्प्ले मॅनेजर स्वीकारला होता. पुढे १७.१० मध्ये (ऑक्टोबर २०१७) युनिटी सोडून ग्नोम शेलकडे वळताना जीडीएम परत आणला गेला.

सत्र सुरू होताच कोसळले, तर डिस्प्ले मॅनेजरच्या दृष्टीने सत्र संपलेले असते. सत्र संपल्यावर लॉगिनचा पडदा दाखवणे हे त्याचे नेमून दिलेले काम आहे आणि तो तेच करतो.

निदान

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्यास मजकूर-कन्सोल उघडतो. तेथे वापरकर्तानाव व पासवर्ड द्यावा लागतो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही. येथे प्रवेश मिळाला, तर खाते व पासवर्ड ठीक आहेत आणि दोष केवळ डेस्कटॉपच्या सत्रात आहे, हे निश्चित होते. वापरकर्त्याच्या फाइलीही बहुतेक वेळा जागेवरच असतात. डिस्क फॉरमॅट करून संपूर्ण प्रणाली नव्याने बसवण्याची घाई याच टप्प्यावर केली जाते आणि त्यात वाचवता आली असती अशी माहिती नष्ट होते. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली बाहेरील डिस्कवर उतरवून घेणे योग्य ठरते.

ज्यांच्या प्रणालीची भाषा मराठी आहे त्यांना येथे आणखी एक अडचण येते. लिनक्सच्या मजकूर-कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात, त्यामुळे देवनागरी संदेश व फाइलींची नावे चौकटींच्या रूपात दिसतात. माहिती बिघडल्याचे ते लक्षण नव्हे. एलसी_ऑल या चलाचे मूल्य सी ठेवल्यास संदेश इंग्रजीत दिसू लागतात.

यानंतर प्रशासकीय अधिकार वापरून एक नवे खाते तयार करावे. नव्या खात्यातून डेस्कटॉप उघडला, तर दोष मूळ वापरकर्त्याच्या होम निर्देशिकेत असतो. तेथेही लूपच आढळला, तर तो संपूर्ण प्रणालीत शोधावा लागतो.

कारणे व उपाय

भरलेली डिस्क हे साधे, पण सहज नजरेआड होणारे कारण आहे. ईएक्सटी४ फाइलप्रणाली पूर्वनिर्धारित रीतीने ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. त्यामुळे संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो, मात्र सामान्य वापरकर्त्याच्या सत्राला एकही नवी फाइल लिहिता येत नाही. डीएफ या आज्ञेने उरलेली जागा कळते, तर एपीटी क्लीन या आज्ञेने उतरवलेली पॅकेजे काढून टाकता येतात.

होम निर्देशिकेतील डॉट एक्सऑथॉरिटी या फाइलीत एक्स सर्व्हरशी जोडणी करण्याची गुप्त किल्ली असते. सुडो वापरून चित्रात्मक प्रोग्राम चालवल्यास या फाइलीची मालकी रूटकडे जाऊ शकते व पुढच्या वेळी सत्र सुरू होत नाही. फाइलीचे नाव बदलल्यास लॉगिनच्या वेळी नवी फाइल तयार होते. हा उपाय सरसकट सुचवला जातो, परंतु तो मुख्यतः लाइटडीएम असलेल्या संगणकांसाठी आहे. जीडीएम ही किल्ली होम निर्देशिकेत न ठेवता रन या निर्देशिकेखाली ठेवतो.

एनव्हिडियाच्या मालकी हक्काच्या ड्रायव्हरमुळेही लूप उद्भवतो. नव्या आवृत्तीबरोबर नवा कर्नेल येतो आणि ड्रायव्हरचे मॉड्यूल त्या कर्नेलसाठी पुन्हा बांधावे लागते. हे काम डीकेएमएस करते. कर्नेलच्या हेडर फाइली नसल्यास ते अपुरे राहते. सिक्युअर बूट चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नेल नाकारतो. ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नेल निवडल्यावर डेस्कटॉप उघडला, तर संशय याच ठिकाणी स्थिरावतो.

कधी खात्याच्या नोंदीत आधीचे, आता अस्तित्वात नसलेले सत्र निवडलेले असते. लॉगिनच्या पडद्यावरील दातेरी चाकाच्या चिन्हातून दुसरे सत्र निवडता येते. वेलँडऐवजी एक्सऑर्ग निवडण्याचा सल्ला मात्र उबुंटू २५.१० पासून गैरलागू आहे, कारण ग्नोमचे एक्सऑर्ग सत्र त्या आवृत्तीत काढून टाकण्यात आले.

यांपैकी काहीच लागू पडत नसेल, तर लूप एकदा मुद्दाम घडवून आणावा व लगेच मजकूर-कन्सोलवर जाऊन जर्नलसीटीएल या आज्ञेने चालू बूटच्या नोंदी पाहाव्यात. सत्र कोसळल्याच्या क्षणाच्या नोंदी तेव्हा यादीच्या शेवटी सापडतात.