कॅसिनो जळाला आणि गाणं झालं

गिटार शिकणाऱ्या बहुतेकांनी ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवून पाहिलेलं असतं, आणि बहुतेकांनी थोडं चुकीचं. चूक कुठे होते ते पाहूच, पण आधी आग.

स्वित्झर्लंडमधलं, जिनिव्हा सरोवराकाठचं माँत्रो. ‘डीप पर्पल’ हा ब्रिटिश बँड तिथल्या कॅसिनोत अल्बम ध्वनिमुद्रित करायला आला होता. रोलिंग स्टोन्सचा ट्रकवरचा फिरता स्टुडिओही त्यासाठी आणलेला. ४ डिसेंबर १९७१ रोजी त्या कॅसिनोत फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन छताकडे झाडली. कॅसिनो खाक झाला. सुदैवानं जीव कुणाचा गेला नाही. माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचे क्लोद नोब्स लोकांना बाहेर काढायला धावले, म्हणून गाण्यात त्यांचाही उल्लेख आहे. सरोवरावर पसरलेल्या धुराचं शीर्षक बासवादक रॉजर ग्लोव्हरला पुढे झोपेतून जागं होताना सुचलं.

संगीत मात्र, कॅसिनो जळाल्यावर बँडनं गाठलेल्या पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहातलं. रात्रीच्या दणदणाटानं शेजारी वैतागले, पोलीस दारावर थापा मारू लागले. टेक पुरा होईपर्यंत बँडच्या माणसांनी दार उघडलंच नाही! उरलेला अल्बम, ‘मशीन हेड’, हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये झाला.

आता गाण्याची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ती सुरावट. पहिला स्वर ‘सा’ धरा, गंधार कोमल: सा-ग-म, सा-ग-तीव्र म-म, सा-ग-म, ग-सा. बस्स, चार स्वर. तीव्र मध्यम क्षणभरच येतो, पण तो वगळून वाजवा, सगळी रिफ मुळमुळीत होते. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर यातल्या प्रत्येक स्वराखाली आणखी एक स्वर जोडतो. ‘सा’खाली मंद्र पंचम. तंबोऱ्याची पंचमाची आणि जोडाची तार एकदम छेडावी, तशी ही जोडी. चूक इथेच होते. शिकाऊ मंडळी उलट, खाली षड्ज आणि वर पंचम धरतात, शिवाय पिक वापरतात. पिकनं तारा केसभर मागेपुढे वाजतात. ब्लॅकमोर बोटांनी दोन्ही एकदमच खेचतो. त्यात जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवून तेच स्वर दुप्पट जाड करतो. बास सर्वांत शेवटी येतो, तोवर ऐकणारा ताटकळलेला असतो.

अल्बम १९७२ चा, पण अमेरिकेत हे गाणं सिंगल म्हणून निघालं १९७३ मध्ये आणि बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला होतं ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बममधलं, ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकाला रंगमंचावर वाजलेलं रूप. माझ्या मते खरं गाणं तेच. तिथे ते साडेसात मिनिटांपर्यंत फुलतं. शेवटी गिटार आणि ऑर्गनचे सवाल-जवाब रंगतात, आणि स्टुडिओतलं रूप त्यापुढे नुसता आराखडा वाटतं. ऐकायचं तर आधी स्टुडिओतलं ऐका, मग ओसाकाचं.