फाल्गुनराव अर्जुनीत

फाल्गुनरावाची मिशी सुटते आहे. डावी बाजू बोटाने दाबून तो रस्त्याच्या पडद्यापुढे उभा आहे आणि पुढच्या सतरंजीवरून एक पोरगं ओरडतं, "मिशी धर ना बे!" फाल्गुनराव मिशी धरतो, त्या पोराकडे रोखून पाहतो आणि मग सगळ्या मंडपाकडे पाहून मान हलवतो. घरात तर घरात, आता बाहेरही कोणी शत्रू सोडला नाही, अशी ती मान. संहितेत हे नाही. मंडप मात्र खळाळून हसतो आणि नाटक त्या क्षणी खरं सुरू होतं.

अर्जुनी मोरगावातल्या एका महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन चाललं आहे. जानेवारीची रात्र, नवेगावबांधच्या बाजूने येणारा बोचरा वारा, बायकांच्या डोक्यावर शाली, पुरुषांच्या कानांवर मफलर. मळणी आटोपली आहे, बऱ्याच घरचं धान विकूनही झालं आहे, त्यामुळे माणसं निवांत आहेत. दोनअडीचशे विद्यार्थी असतील. त्यांच्या दुप्पट त्यांचे आईवडील, आजेआज्या आणि कोणाचेच कोणी नसलेले शेजारपाजारचे. मागच्या रुळांवरून बल्लारशाकडची गाडी धडधडत जाते तेव्हा रंगमंचावरची मंडळी आपापल्या जागी थांबतात आणि ती गेल्यावर पुढचं वाक्य घेतात. हे त्यांना कोणी शिकवावं लागलेलं दिसत नाही.

नाटक आहे 'संशयकल्लोळ'. इंग्रजीच्या मॅडमनी ते निवडलं, कारण वर्गात शेरिडन शिकवताना मुलांचे चेहरे कोरे राहत होते. अठराव्या शतकातल्या लंडनच्या दिवाणखान्यातलं ते टोमणेबाज, शिष्टाचारी विनोदाचं जग मुलांना कसं दाखवायचं? मराठीच्या सरांनी सांगितलं, त्यातलं एक नाटक तर आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त काळ मुक्कामाला आहे. आर्थर मर्फी नावाच्या आयरिश माणसाचं 'ऑल इन द राँग' १७६१ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आलं. त्याच्या मागे मोलिएरचं १६६० चं 'स्गानारेल'. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये त्याचं 'फाल्गुनराव' केलं, पुढे पदं घालून त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' झालं. देवल १९१६ च्या जूनमध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूप रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडस फाल्गुनराव, बालगंधर्व रेवती. आज इथे रेवती आहे ती बी.कॉम.ची मुलगी, आणि ती आता मूर्च्छा येऊन पडायच्या बेतात आहे.

पडते. फार नेटकी पडते, साडीची निरी सांभाळून. फाल्गुनराव धावतो, पण हात लावायचा की नाही, या पेचात तीन वेळा पुढे येतो आणि तीन वेळा मागे सरतो. शेवटी उपरण्याच्या टोकाने वारा घालतो. तेवढ्यात वर, बांबू आणि रंगवलेल्या कापडाच्या खिडकीत, त्याची बायको कृत्तिका येते. ती काही बोलत नाही. फक्त पाहते. माझ्या शेजारच्या आजीबाई मात्र गप्प बसत नाहीत. "पाहा, पाहा, आता पायते इच्या नवऱ्याले," असं त्या सुनेला सांगतात आणि मग पुढे वाकून फाल्गुनरावाला उद्देशून, "अरे वर पाय ना बावा!" मर्फीच्या नाटकातही हेच आहे. तिथे बाग आहे, इथे रस्ता. तिथल्या बाईच्या हातून प्रियकराचं छोटं चित्र पडतं, इथे तसबीर. ती तसबीर आता कृत्तिकेच्या हाती लागणार, तिच्या हातात नवऱ्याला दिसणार आणि नवराबायको दोघंही, दोघांपुरते, पुराव्यासकट खरे ठरणार. मर्फी त्या वर्षांत वकिलीचा अभ्यास करत होता. १७६२ मध्ये तो बॅरिस्टर झाला. एकाच वस्तूवरून दोन बाजूंनी दोन खटले उभे करण्याची ही हातोटी मला तरी त्या अभ्यासातली वाटते.

कृत्तिका झालेली मुलगी तालुक्यातल्या बंगाली कॅम्पाकडची आहे. घरी बंगाली, मैत्रिणींत झाडीबोली आणि देवलांची मराठी पुस्तकातून. त्यामुळे सगळ्या पात्रांत तिचंच बोलणं सर्वांत स्वच्छ आणि किंचित ताठ. इतरांच्या तोंडी मधूनच 'पानी' येतं, 'डोरे' येतात. हिच्या तोंडी एक अक्षर हलत नाही. आणि गंमत अशी, की हा ताठपणाच भूमिकेला फळतो. रागाने धुमसत असलेली बाई नवऱ्याशी अतिशय अदबीने बोलते, एकेक शब्द तोलून, तेव्हा मंडपातल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसतात. हा प्रकार त्यांनी दिवाणखान्यात पाहिलेला नाही, ओसरीवर पाहिलेला आहे.

रेवतीचा प्रियकर अश्विनशेठ मात्र फसला आहे. पगडी छान आहे, वडशाच्या ड्रेपरीवाल्याकडून आणलेली. पण पगडीखाली सिनेमातला नायक आहे. रेवतीकडे पाहताना केसांतून हात फिरवायची त्याला सवय, आणि हात प्रत्येक वेळी पगडीला अडतो. श्रीमंत माणसाने खुर्चीत कसं बसावं, उपरणं कुठे टाकावं, नोकराकडे न पाहता त्याला कसं बोलवावं, हे मॅडमनी तालमीत पुष्कळ घोकून घेतलं होतं म्हणे. या तऱ्हेच्या नाटकात अर्धा विनोद त्या बसण्या-उठण्यातच असतो. तो विनोद आज भादव्याच्या वाट्याला गेला आहे. नोकराचं काम करणारा हा किडकिडीत मुलगा आपल्या मालकाच्या, फाल्गुनरावाच्या, चालीची नक्कल करत त्याच्या मागे चालतो, मालक थांबला की थांबतो आणि मालकाच्या संशयाची झळ आपल्याला लागू नये म्हणून हळूच माईकआड सरकतो. त्याच्या घरी दंडारीची, इथल्या लोकनाट्याची, परंपरा आहे, असं मागून कोणीतरी अभिमानाने सांगतं. असणारच.

मघा नायकीण प्रवेश करते आणि मंडपाच्या डाव्या कोपऱ्यातून एक म्हातारा गंभीरपणे म्हणतो, "मघा आली. आता पानी येते." हशा थांबता थांबत नाही. देवलांनी सगळी पात्रं महिने आणि नक्षत्रांच्या नावांची केली. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला ती एक नुसती लकब वाटते. इथे रोहिणी म्हणजे पेरणीच्या तयारीचे दिवस आणि मघा म्हणजे बांधीत पाणी तुंबायचे. मघा झालेली मुलगी प्रसंगावधानी आहे. पदर डोक्यावरून ओढून घेते, वर आभाळाकडे पाहते आणि मगच पहिलं वाक्य बोलते.

तालमीत सरांना सर्वांत जास्त त्रास दिला तो माईकने. मुलांनी लहानपणापासून पाहिली ती झाडीपट्टीची नाटकं. दिवाळीच्या मंडईपासून पार होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत गावोगाव होतात ती. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, दहाला सुरू आणि उजाडताना समाप्त. बहुतेक कंपन्यांची कार्यालयं इथून जवळच, वडशात. त्या नाटकांत नट माईकसमोर येऊन, थेट प्रेक्षकाकडे तोंड करून, छातीतून बोलतो. सरांना हवं होतं ते वेगळं. पात्रांनी एकमेकांशी बोलावं, प्रेक्षकांनी चोरून ऐकल्यासारखं ऐकावं. मुलं ऐकेनात. चार वाक्यं एकमेकांशी बोलायची आणि पाचव्याला आपसूक माईकशी.

आज समोर बसून पाहताना मला वाटतं, मुलंच बरोबर होती. हे नाटक स्वगतावर उभं आहे. बायको पाठमोरी झाली की फाल्गुनराव आपल्याकडे वळतो, आणि नवरा वळला की कृत्तिका. दोघंही प्रेक्षकाला आपापल्या बाजूचा पंच करतात. शहरातल्या हौशी नटाला या स्वगताची लाज वाटते. तो ते हवेत कुठेतरी, नजर चुकवून उरकतो. इथला फाल्गुनराव माईकपाशी येतो, तिसऱ्या रांगेतल्या एका काकांना निवडतो आणि आपली फिर्याद त्यांनाच सांगतो. काका मान डोलावतात. एकदा तर ते उत्तर देतात: "खरं हाय तुमचं."

ड्रुरी लेनला याहून वेगळं काय होत होतं? मेणबत्त्यांच्या उजेडात प्रेक्षक आणि नट एकमेकांना स्पष्ट दिसत. नट पुढच्या भागात येऊन सरळ लोकांशी बोलत. अंकांच्या मध्ये गाणी आणि नाच, मुख्य नाटक संपलं की वर एक प्रहसन. उशिरा येणाऱ्यांना तिसऱ्या अंकानंतर निम्म्या दरात प्रवेश. काही प्रेक्षक तर थेट रंगमंचावरच बसत आणि त्यांना तिथून हटवायला डेव्हिड गॅरिकला १७६२ साल उजाडावं लागलं. इथे रंगमंचाच्या कडेवर आत्ता सात-आठ पोरं पाय सोडून बसली आहेत. एक शिपाई त्यांना दर प्रवेशाला हाकलतो, आणि ती दर प्रवेशाला परत येतात. मर्फीला उचलून या मंडपात आणून बसवला, तर भाषा सोडून बाकी सगळं त्याला कळेल. पुण्यातल्या गार सभागृहात, अंधारात, पदांची वाट पाहत बसलेल्या जाणकारांमध्ये तो बहुधा गोंधळून जाईल. आपण या नाटकाचं गाण्याच्या मैफलीत रूपांतर करून टाकलं, आणि खाली एक खट्याळ, निर्दय विनोदी नाटक आहे याचा विसर पडला, ही माझी जुनी तक्रार. आज चारच पदं ठेवली आहेत. ऑर्गनवाला ती जरा जास्तच पळवतो, रेवतीचा सूर दुसऱ्या पदात चढतो. पण नाटक दिसतं.

उत्तरार्ध मात्र सैल पडतो. पाच अंक दोन तासांत बसवताना कात्री शेवटाकडे जास्त चालली आहे. वैशाखशेठ कोण, कशासाठी आले, हे कळायच्या आत ते निघून जातात. तसबिरीचा उलगडा इतक्या घाईत होतो की फाल्गुनरावाला ओशाळायला वेळच मिळत नाही. तो मुलगा तरी हुशार. सगळे हात जोडून रांगेत उभे राहत असताना तो कृत्तिकेच्या हातातली तसबीर हळूच काढून घेतो, दिव्याकडे धरून उलटसुलट पाहतो आणि तिसऱ्या रांगेतल्या त्याच काकांना दाखवतो. काका अंगठा वर करतात.

टाळ्या. पाहुण्यांचं भाषण लांबणार अशी चिन्हं दिसताच बायका सतरंज्या सोडू लागतात. माझ्या शेजारच्या आजीबाई मात्र बसूनच आहेत. "सरलं का जी नाटक?" त्या मला विचारतात. मी हो म्हणतो. त्या घड्याळ लावलेल्या नातवाकडे पाहतात. अजून दहाही वाजलेले नाहीत. "लावनी नाही?" नाही. त्यांच्या चेहऱ्यावर निराशा नाही, नुसता हिशेब आहे.

मंडपामागे रंग पुसण्याची घाई चालली आहे. खोबरेल तेलाची बाटली हातोहात फिरते. जवळच्याच एका गावात आज कंपनीचं नाटक आहे, रात्री दहाचं. म्हणजे साडेदहाला पडदा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून घरचे नाटकाला जायला नाही म्हणत नाहीत, असा एकाचा दावा आहे. दुसरा म्हणतो, आमचे आधीही म्हणत नव्हते, तेच पुढे बसायचे. भादव्याने जीप ठरवली आहे. अश्विनशेठ पगडीसकट आत शिरतो आणि ड्रेपरीवाला ओरडत मागे धावतो.

"मॅडम, तुमी येता का जी?" फाल्गुनराव विचारतो.

"किती वाजता सुटेल?"

"पाचला. साडेपाचला सूर्य निघाच्या आधी घरी."

मॅडम क्षणभर विचार करतात. सकाळी साडेदहाला त्यांचा तास आहे, आणि समोर उभ्या असलेल्या सगळ्यांचाही.

"खुर्चीचं तिकीट काढ माझं," त्या म्हणतात. "खाली बसून गुडघे धरतात."