द्राक्ष, माड आणि नाशिकचे दोन दिवस

(द्वितीय वर्ष, कला)

एखादे गाव पाहिले असे आपण केव्हा म्हणतो? देऊळ पाहिले, किल्ला पाहिला, बाजारात फेरफटका मारला, की आपल्या हिशेबी गाव पाहून होते. परंतु त्या गावची माती काय पिकवते आणि त्या पिकाचे लोक काय करतात हे जाणल्यावाचून गाव पुरते कळत नाही, अशी समजूत काही देशांत आहे. इटली हा त्यांतील अग्रगण्य देश. तेथे फ्लॉरेन्सला गेलेला प्रवासी पहिला दिवस चित्रे, पुतळे आणि चर्च पाहण्यात घालवतो आणि दुसऱ्या दिवशी शहराबाहेर कियांतीच्या टेकड्यांवरील द्राक्षमळ्यांत जातो. तेथे त्याला तळघरातील लाकडी पिंपे दाखवतात, पेल्यात घोटभर वाइन ओततात आणि ती कोणत्या उतारावरच्या द्राक्षांची हे सांगतात.

ही प्रथा केवळ हौसेवर उभी नाही. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने १७१६ मध्ये फर्मान काढून कियांतीच्या वाइनची हद्द आखून दिली होती. अमुक हद्दीतील द्राक्षांच्या वाइनलाच अमुक नाव, असा तो दंडक. पुढे १९८५ मध्ये इटलीने शेतावर पाहुणे उतरवून घेण्यासंबंधी स्वतंत्र कायदाच केला. शेतकऱ्याला जोडधंदा मिळाला आणि शहरी माणसाला शेत पाहायला मिळाले.

इटली आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. पण शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत एक जुने शहर आणि त्या शहराची वाइन, दोन्ही पाहता येतील असे ठिकाण आपल्या महाराष्ट्रात आहे. ते म्हणजे नाशिक. गेल्या फेब्रुवारीत मामांकडे गेले असता मी ते पाहिले. त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा उद्देश.

महाविद्यालयाच्या अंकात एका मुलीने वाइनवर लिहावे, हे पाहून काहींच्या भुवया उंचावतील. त्यांना एवढेच सांगते की मी अर्नाळ्याची. आमच्या घरात आजोबांपर्यंत माडी काढण्याचा धंदा होता. माडावर चढणाऱ्याचे कौशल्य मी ऐकले आहे आणि पिण्यापायी बुडालेली घरेही पाहिली आहेत. दोन्ही डोळ्यांपुढे ठेवूनच हे लिहीत आहे.

पहिला दिवस : लेण्यांच्या भिंतीवर सोपारे

विरारहून लोकलने दादर आणि तेथून मोठ्या गाडीने नाशिक रोड, असा आमचा सोपा मार्ग. शहर गोदावरीच्या दोन्ही काठांवर वसलेले. रामकुंड, पंचवटी ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. काळाराम मंदिरापाशी मात्र थोडे थांबावे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. पुस्तकात वाचलेला प्रसंग ज्या दगडी दारापुढे घडला, त्या दारापुढे उभे राहणे ही गोष्ट निराळीच.

दुपारनंतर पांडवलेणी. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात कोरलेली ही २४ बौद्ध लेणी. नावात पांडव असले तरी त्यांचा पांडवांशी संबंध नाही. सातवाहन आणि क्षहरात राजांच्या काळी, सुमारे दोन हजार ते अठराशे वर्षांपूर्वी, यांतील मुख्य लेणी खोदली गेली. १७ क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनाने दिलेले आहे. म्हणजे परदेशी माणसे तेव्हाही येथवर येत होती.

परंतु मला खरा आनंद झाला तो १० क्रमांकाच्या लेण्यात. नहपान राजाचा जावई उषवदात याचा तेथील लेख आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात समजावून दिला होता. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे आपण प्रवाशांसाठी निवारे बांधले, असे उषवदात त्यात सांगतो. शोर्पारग म्हणजे आपले सोपारे, विरारच्या शेजारचे नालासोपारा! पुढे डहाणुका नदीवर फुकट होड्या ठेवल्याचा उल्लेख येतो, तो आपल्या डहाणूचा. आणि नाणंगोल गावातील ३२,००० नारळीची झाडे चरक संन्याशांच्या संघांना दान दिल्याचे त्यात लिहिले आहे. त्या संघांतही एक सोपाऱ्याचा आहे. महाराष्ट्रातील नारळाच्या जुन्या लेखी उल्लेखांपैकी हा एक होय. घाटावरच्या डोंगरात आपल्या किनाऱ्याचा माड असा कोरून ठेवलेला पाहून कोणाही अर्नाळकराला धन्य वाटेल.

इटलीचा धागाही येथेच जुळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे समुद्रप्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध आहे. आपल्या किनाऱ्यावरील बंदरांत त्याने सुप्पारा आणि कल्याण ही नावे दिली आहेत. भरुचला उतरणाऱ्या मालात तो पहिल्याने वाइन सांगतो, आणि तीतही इटलीची वाइन अधिक पसंत असे नमूद करतो. तेथील राजासाठी उंची वाइन वेगळी आणली जाई. हा राजा म्हणजे उषवदाताचा सासरा नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ही वाइन मातीच्या उभट, दोन कानांच्या कुंभांतून येई. अशा रोमन कुंभांचे तुकडे नेवासे, घारापुरी वगैरे ठिकाणी सापडले आहेत. सारांश, वाइन हे काल-परवा आलेले फॅड नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी ती इटलीहून जहाजाने आपल्याकडे येत होती.

दुसरा दिवस : गोवर्धनचे मळे

उषवदाताच्या लेखातील गोवर्धन हे नाव आजही नाशिकजवळच्या एका गावाला आहे. गंगापूर धरणाच्या वाटेवरील याच गोवर्धन गावी राजीव सामंत यांनी अमेरिकेतून परतल्यावर वाइनची द्राक्षे लावली. त्यांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. त्याआधी १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फेसाळत्या वाइनचा कारखाना काढला होता. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि नाशिक परिसरात एकामागून एक वायनऱ्या उभ्या राहिल्या. खुद्द इटलीची माणसेही महाराष्ट्रात आली. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून सोलापूर जिल्ह्यात 'फ्रातेल्ली' ही कंपनी काढली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच 'भाऊ' असा आहे. कियांतीचे सांजोवेझे हे द्राक्ष आज अकलूजच्या मातीत पिकते.

मामा आम्हाला गंगापूरच्या बाजूच्या एका वायनरीत घेऊन गेले. फेब्रुवारी हा तोडणीचा हंगाम, म्हणून जाण्यास हाच काळ उत्तम. नाशिककडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. त्यानंतर जानेवारी ते मार्च फळ हाती येते. युरोपात द्राक्षे उन्हाळ्याच्या शेवटी तोडतात, आपल्याकडे हिवाळ्याच्या शेवटी. थंड रात्री आणि कोरडे दिवस फळाला मानवतात. वाइनचे द्राक्ष आपण खातो त्या द्राक्षासारखे नसते. ते लहान, जाड सालीचे आणि बियांचे असते.

वाइन होण्याची रीत ऐकायला सोपी आहे. द्राक्षातील साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचा मद्यार्क करतात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस वेगळा काढतात आणि तेवढाच आंबवतात. तांबड्या वाइनसाठी काळी द्राक्षे सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून. आंबताना उष्णता निर्माण होते, ती वाढली तर वास उडून जातो, म्हणून पोलादी टाक्या थंड ठेवाव्या लागतात. काही तांबडी वाइन ओकच्या पिंपांत महिनोन् महिने मुरवतात. मग ती बाटलीत भरून बूच मारले की हवेशी संबंध तुटतो आणि ती टिकते.

आता चव घेण्याविषयी. चव घेणे आणि पिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेल्यात दोन घोटांपुरतीच वाइन ओततात. प्रथम पेला पांढऱ्या कागदापुढे तिरपा धरून रंग पाहायचा. मग पेला हलकेच गोल फिरवून वास घ्यायचा. त्यानंतर लहानसा घोट घेऊन तो जिभेवर सगळीकडे फिरवायचा आणि गोड, आंबट, तुरट यांचा मेळ कसा आहे ते पाहायचे. हलकीपासून जड वाइनकडे आणि पांढरीपासून तांबडीकडे असा क्रम ठेवतात. जाणकार तर घोट गिळतही नाहीत, शेजारी ठेवलेल्या भांड्यात टाकून देतात.

आपल्या राज्यात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि मी १९ वर्षांची. तेव्हा मला पेला मिळाला नाही, हे योग्यच झाले. पण नाकाला वयाची अट नाही! मामांच्या पेल्याचा वास मी घेतला. पांढऱ्या वाइनला पेरूचा वास होता, तांबडीला मिऱ्यांचा. मामी म्हणाल्या, "मला तर घरच्या द्राक्षासवाचीच आठवण आली." आम्ही सगळे हसलो, पण त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

आमचा माड

तो समजावून सांगणारा माणूस ज्या आदराने बोलत होता, त्याने मी विचारात पडले. माती, वारा, छाटणी, हाताचे कसब हे सगळे तर आमच्या माडीतही आहे. माडाची न उमललेली पोय बांधायची, काही दिवस ती हलक्या हाताने ठोकायची, मग टोकाला पातळ काप घ्यायचा. रस ठिबकू लागला की मडके बांधायचे. काप रोज नव्याने घ्यावा लागतो, तोही कागदाइतका पातळ. जाड गेला तर पोय वाया जाते. त्यासाठी बुंध्यावरच्या खाचांत पाय रोवून दिवसातून दोन-तीनदा चढायचे, पावसातसुद्धा. पहाटेचा ताजा रस ती नीरा. ऊन चढले की तो आपोआप आंबू लागतो आणि त्याची माडी होते. दुसऱ्या दिवशी ती इतकी आंबट होते की तिचा शिरका करावा. ताज्या माडीत मद्यार्क वाइनपेक्षा पुष्कळ कमी असतो. वाइनमध्ये तो साधारण १२ ते १४ टक्के असतो.

मग एकीला प्रतिष्ठा आणि दुसरीला नाक मुरडणे, असे का? मला तीन कारणे दिसतात. पहिले असे, की वाइन बाटलीत थांबते, प्रवास करते आणि वर्षाचा आकडा मिरवते. माडी दिवसभरही थांबत नाही, म्हणून तिला गावाबाहेर नाव मिळत नाही. दुसरे कारण सरकारी धोरण. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने इंग्रजांनी माडी काढण्यावर झाडागणिक कराचा जबर बोजा टाकला आणि गावोगावचा धंदा मोजक्या मक्तेदारांच्या हाती गेला. सव्वाशे वर्षांनी द्राक्षाला मात्र सवलत मिळाली. तिसरे कारण, वाइनविषयी समजावून सांगणारा माणूस दारात उभा आहे, माडीविषयी कोणी नाही. उलट शहरातील भेसळीच्या ताडीने तिचे उरलेले नावही घालवले.

येथे कोणी असा अर्थ घेऊ नये की मी पिण्याची भलामण करते. मद्यार्क द्राक्षाचा असो वा माडाचा, त्याचा अतिरेक घर खातो. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा झालेल्या विरोधामागे हीच भीती होती आणि ती खोटी नाही. परंतु पिणे वेगळे आणि कसब वेगळे. एका कसबाला आपण तिकीट काढून पाहायला जातो आणि दुसरे कसब जाणणारा म्हातारा माणूस आपल्याच वाडीत गप्प बसून असतो, हे बरे नव्हे.

नाशिकला जरूर जावे. लेणी पाहावीत, मळे पाहावेत, तेथील शेतकऱ्याने काय साधले आहे ते समजून घ्यावे. आणि आपल्याकडेही असे दोन दिवस आखता येतील का, याचा विचार करावा. पहिल्या दिवशी सोपाऱ्याचा स्तूप आणि वसईचा किल्ला. दुसऱ्या दिवशी पहाटे अर्नाळ्याच्या वाडीत माडावर चढणारा माणूस पाहावा, त्याच्या हातची गोड, बिननशेची नीरा चाखावी आणि मग होडीने अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जावे. नीरेला वयाची अट नाही. मात्र माडावर चढणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, तेव्हा हा विचार फार दिवस पुढे ढकलता येण्याजोगा नाही.